पहाटे चारचा डोस

पहाटेचे चार वाजलेत. सलग तिसरी नाइट करणारी सिस्टर इन्फ्युजन पंपावर, म्हणजे शिरेतून औषध सोडणाऱ्या यंत्रावर, औषधाचा वेग भरते आहे. भरायचं आहे ०.५, पडद्यावर उमटतं ५. दशांशचिन्हाचं बटण नीट दाबलंच गेलेलं नाही. ती आकडा बघते, पण वाचते ०.५च. बोट ‘स्टार्ट’वर जाता जाता थबकतं. ती पुन्हा बघते, आकडा दुरुस्त करते.

झोप अपुरी पडली की आधी जातं ते हे थबकणं. जागेपणाच्या तासांबरोबर मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साचत जातं आणि झोपेची ओढ वाढते. त्यात पहाटे तीन ते पाचच्या सुमारास शरीराचं घड्याळही सतर्कता तळाला नेतं. मग उभ्याउभ्या, उघड्या डोळ्यांनी काही सेकंदांची डुलकी लागून जाते आणि जिला लागते तिला पत्ताही नसतो. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते, असं डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ साली दाखवलं.

मला त्याहून भीती वाटते ती २००३च्या एका प्रयोगाची. त्यात काही जणांना दोन आठवडे रोज सहाच तास झोपू दिलं. शेवटी त्यांचं लक्ष रात्रभर अजिबात न झोपलेल्यांइतकं ढासळलं होतं, पण त्यांना स्वतःला फारशी झोप आल्यासारखं वाटत नव्हतं. म्हणजे ‘मी ठीक आहे’ असं सांगणारी सिस्टर खोटं बोलत नसते. तिला ते जाणवतच नाही.

बर्नआउटचं, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने पिचून जाण्याचं, नुकसान वेगळं. जागतिक आरोग्य संघटना त्याची तीन लक्षणं सांगते: गळून जाणं, कामापासून मन तुटणं आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. रुग्णाला सर्वांत महाग पडतं ते मधलं. मन तुटलं की आजोबा ‘बेड नंबर १२’ होतात. नाडी, रक्तदाब, तापमान सगळं चार्टवर चढतं, पण ‘आज ते नेहमीपेक्षा गप्प आहेत’ हे ड्युटी बदलतानाच्या हँडओव्हरमध्ये पुढच्या सिस्टरला सांगायचं राहून जातं. प्रकृती बिघडत असल्याची पहिली खूण कित्येकदा तेवढीच असते. शिवाय असं थकलेलं मन घरी गेल्यावरही शांत होत नाही. दुपारची झोप मुळात तुटक, त्यात रात्रीच्या चुका डोक्यात फिरत राहतात.

म्हणून ‘स्वतःची काळजी घ्या’ एवढं सांगून भागवणं मला अन्यायाचं वाटतं. संशोधक लिंडा एकेन यांच्या २००२च्या अमेरिकेतल्या अभ्यासात एका नर्समागे एक रुग्ण वाढला, की शस्त्रक्रियेच्या रुग्णांमध्ये ३० दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी आणि नर्सच्या बर्नआउटची २३ टक्क्यांनी वाढलेली दिसली. हे रोस्टरचं, म्हणजे ड्युट्यांच्या वेळापत्रकाचं, गणित आहे. ते सुधारायचं तर हवं ते एवढं: दोन ड्युट्यांमध्ये किमान ११ तासांचं अंतर, जोखमीच्या औषधांची दोघींनी तपासणी, नाइटमध्ये वीस-तीस मिनिटांची झोप. आणि तेवढ्या वेळात तिचे रुग्ण सांभाळायला दुसरी सिस्टर.