छाती आधी तयार होते, नडगी नंतर

पहिल्या हाफ मॅरेथॉनच्या तयारीत सगळ्यात मोठा धोका असतो तो तयारी उत्तम चालू असताना. सुरुवातीचे आठवडे माणूस जपून असतो. दोन किलोमीटरला धाप लागते, मध्येच चालावं लागतं, घरी आल्यावर पोटऱ्या भरून येतात. मग दीड-दोन महिन्यांनी एका सकाळी लक्षात येतं, की पाच किलोमीटर झाले तरी शेजारच्याशी गप्पा मारता येताहेत. हुरूप येतो. पुढच्या रविवारी पाचाचे दहा होतात. त्यानंतर कधीतरी नडगीच्या आतल्या कडेला किंवा टाचेच्या वरच्या बाजूला एक जागा सापडते, जिथे बोट टेकलं तरी कळ येते.

हे इतक्यांच्या बाबतीत आणि इतक्या ठरावीक वेळी होतं, की त्याला योगायोग म्हणता येत नाही. शरीराचे सगळे भाग एकाच वेगाने तयार होत नाहीत. हृदय आणि रक्त काही आठवड्यांत पुढे निघून जातात. कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारे पट्टे, आणि हाडं काही महिने मागे राहतात. २१.०९७५ किलोमीटर धावायला किती महिने लागतील, हे या सगळ्यात हळू भागावर ठरतं. माझ्या मते नवशिक्याच्या वेळापत्रकाचं खरं काम त्या भागासाठी थांबणं हेच आहे.

आधी लवकर होणारे बदल पाहू. नियमित धावायला लागल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातला द्रव वाढतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त बाहेर पडतं, त्यामुळे त्याच वेगाला नाडी कमी पडते. त्यापाठोपाठ स्नायूंमध्ये बदल होतो. अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये जॉन होलोझी यांनी उंदरांना ट्रेडमिलवर पळवलं आणि त्यांच्या पायांचे स्नायू तपासले. प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिकांची, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांची, क्षमता जवळजवळ दुप्पट झाली होती. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या या कामावर व्यायामशास्त्राची एक मोठी शाखा उभी राहिली. माणसातही हा बदल काही आठवड्यांत दिसू लागतो. ‘आता दम लागत नाही’ असं आपण म्हणतो, तेव्हा हेच घडलेलं असतं.

इंधनाची काळजी नवशिके गरजेपेक्षा जास्त करतात. धावायला दर किलोमीटरला, वजनाच्या प्रत्येक किलोमागे, साधारण एक किलोकॅलरी लागते. ६० किलोच्या माणसाला २१ किलोमीटरसाठी सुमारे १,२५० किलोकॅलरी. नीट जेवलेल्या माणसाच्या स्नायूंत आणि यकृतात मिळून चार-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, असतं, म्हणजे साधारण १,६०० ते २,००० किलोकॅलरी. शिवाय काही ऊर्जा चरबीतून येतेच. पूर्ण मॅरेथॉनला मात्र अडीच हजार लागतात, म्हणून तिथे तिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटरला अनेकांचे पाय एकाएकी जड होतात. हाफमध्ये रात्रीचं नेहमीचं जेवण, सकाळी थोडं काही आणि वाटेत एखादं केळं किंवा चिक्की एवढ्यावर बहुतेकांचं भागतं.

पायांचा हिशोब वेगळा आहे. मिनिटाला १६०-१७० पावलं धरली, तर अडीच तासांत २५ हजार पावलं होतात. प्रत्येक पाऊल टेकताना शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोर येतो. हा जोर ज्यांच्यावर येतो त्यांपैकी टाचेमागचा कंडरा, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेला बांधणारा जाड पट्टा, फार विलक्षण अवयव आहे. मॅक्नील अलेक्झांडर आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखवलं, की धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराची जी ऊर्जा कमी होते आणि पुन्हा वाढते, तिचा सुमारे एक तृतीयांश भाग हा कंडरा ताणून स्वतःत साठवतो. तळव्याची कमान आणखी सुमारे सहावा हिस्सा साठवते. यातली बहुतेक ऊर्जा पुढच्या ढकलीत परत मिळते. ही सोय नसती तर आपल्याला धावणं कितीतरी महाग पडलं असतं.

हा कंडरा किती हळू बदलतो, हे समजलं ते अणुबॉम्बमुळे. १९५५ ते १९६३ या काळात मोकळ्या हवेत झालेल्या अणुचाचण्यांमुळे वातावरणातल्या कार्बन-१४ चं, म्हणजे कार्बनच्या किरणोत्सारी प्रकाराचं, प्रमाण जवळजवळ दुप्पट झालं. अशा चाचण्यांवर बंदी घालणाऱ्या १९६३ च्या करारानंतर ते दरवर्षी घटत गेलं. वनस्पती हा कार्बन घेतात, आपण वनस्पती खातो, आणि त्या वर्षी शरीरात जी ऊती बनते तिच्यात त्या वर्षाचं प्रमाण नोंदलं जातं. कोपनहेगनच्या कात्या हाइनमायर आणि सहकाऱ्यांनी निरनिराळ्या वर्षी जन्मलेल्या मृत व्यक्तींच्या टाचेच्या कंडऱ्यांचा गाभा तपासला आणि २०१३ साली निष्कर्ष मांडले. गाभ्यातला कार्बन त्या व्यक्तीच्या आयुष्याच्या पहिल्या सतरा वर्षांतल्या हवेशी जुळत होता. स्नायू सतत नवे होत राहिलेले, कंडऱ्याचा गाभा मात्र सतराव्या वर्षानंतर जवळजवळ तसाच. पन्नाशीत पहिल्यांदा बूट बांधणारा माणूस शाळेत असताना घडलेल्या गाभ्यावर धावत असतो. हे वाचल्यापासून मुलांच्या मैदानाच्या तासाकडे मी फार वेगळ्या नजरेने पाहू लागले.

मग मोठेपणी कंडरा सुधारतच नाही का? सुधारतो. काही महिने नियमित भार मिळाला की तो अधिक ताठ होतो, जास्त जोर पेलू लागतो. पण त्यात रक्तवाहिन्या कमी असतात आणि त्याचं काम सावकाश चालतं. जोरदार व्यायामानंतर साधारण पहिला दिवस-दीड दिवस कोलॅजेन, म्हणजे कंडरा ज्याचा बनलेला असतो ते प्रथिन, बनण्यापेक्षा तुटण्याचं प्रमाण जास्त असतं. त्यानंतर बनण्याचं प्रमाण वर जातं. मोठ्या धावेनंतरचा विश्रांतीचा दिवस म्हणूनच सरावाचा भाग आहे. तो गाळला तर तूट साचत जाते.

हाडांची गोष्ट याहून जुनी आहे. १८५५ साली ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी डॉक्टरांनी लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांचं वर्णन केलं. क्ष-किरणांचा शोध अजून चाळीस वर्षं दूर होता, त्यामुळे आत काय झालंय हे दिसायची सोय नव्हती. पुढे चित्रं निघू लागली तेव्हा कळलं, की तळपायाच्या लांब हाडांना बारीक चिरा पडताहेत. हल्ली यालाच स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. सैन्यात आजही ते नव्या भरतीत, प्रशिक्षणाच्या पहिल्या काही आठवड्यांत विशेष दिसतं.

याचं कारण हाडाच्या दुरुस्तीच्या क्रमात आहे. भार वाढला की हाड स्वतःला नव्याने घडवतं, आणि त्यासाठी आधी जुना भाग काढून टाकतं. हाड विरघळवणाऱ्या पेशी दोन-तीन आठवड्यांत खड्डा करून मोकळ्या होतात. तो भरणाऱ्या पेशींना सुमारे तीन महिने लागतात. रस्ता उकरून ठेवलाय, डांबर अजून यायचंय आणि वाहतूक चालूच आहे, अशी ही स्थिती. नेमक्या त्याच काळात छाती तयार झालेली असते आणि धावणारा अंतर वाढवत असतो.

इथे एक गोष्ट आग्रहाने सांगायला हवी. वजन कमी करण्यासाठी धावायला लागलेल्या कितीतरी बायका धावणं वाढवतात आणि जेवण कमी करतात. ऊर्जेची तूट फार झाली की शरीर पाळीच्या संप्रेरकांवर काट मारतं, आणि इस्ट्रोजेन घटलं की हाडाचं संरक्षण जातं. सरावाच्या काळात पाळी लांबली किंवा थांबली, तर ‘बरंच झालं, कटकट गेली’ असं म्हणून सोडून देऊ नये. डॉक्टरांना दाखवावं. पुरुषांतही अशा तुटीने हाडं कमकुवत होतात. त्यांना फक्त इतकी ठळक खूण मिळत नाही. ड जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे उन्हाच्या देशात राहूनही सर्रास आढळते. तीही एकदा तपासून घ्यावी.

स्नायूचं दुखणं आणि हाडाचं दुखणं बऱ्याचदा ओळखता येतं. स्नायू साधारणपणे दोन्ही पायांत, पसरट दुखतो आणि दोन-तीन दिवसांत ओसरतो. हाड एका बोटाने दाखवता येईल अशा ठिकाणी दुखतं. धावताना कळ वाढत जाते, आणि पुढे पुढे चालताना, रात्री पडल्यावरही जाणवते. अशा वेळी एक्स-रे स्वच्छ आला तरी निर्धास्त होऊ नये. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत चीर बहुतेकदा त्यात दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते.

मग अंतर वाढवायचं कसं? ‘आठवड्याला दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको’ हा सल्ला धावणाऱ्यांच्या प्रत्येक ग्रुपमध्ये मिळतो. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनमध्ये त्याची परीक्षा झाली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ५३२ नवशिके होते. निम्म्यांनी दहा टक्क्यांच्या नियमाने हळू वाढ केली, बाकीच्यांनी नेहमीच्या वेळापत्रकाने. दोन्ही गटांत पाचातल्या एकाला दुखापत झाली. नियमाचा फायदा दिसला नाही. २०२५ मध्ये पाच हजारांहून जास्त धावपटूंच्या घड्याळांतल्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा कदाचित त्याचं उत्तर सापडलं. आठवड्याच्या बेरजेपेक्षा एकेक धाव महत्त्वाची ठरली. गेल्या तीस दिवसांतल्या सर्वांत लांब धावेपेक्षा दहा टक्क्यांहून मोठी उडी एका दिवसात घेतली, की दुखापतीचं प्रमाण वाढत होतं. अंतर दुपटीच्या वर गेलं की प्रमाणही दुपटीच्या वर जात होतं. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, त्याने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. पण वरच्या हाडांच्या हिशोबाशी तो इतका जुळतो की मी तो गंभीरपणे घेते. रविवारी पाचाचे दहा करू नयेत.

दहा किलोमीटरची सवय झाल्यावर दर रविवारी एकेक किलोमीटर आणि दर चौथ्या आठवड्याला थोडी माघार असं केलं, तर सतरा-अठरापर्यंत पोचायला अडीच महिने जातात. शर्यतीआधी पूर्ण एकवीस धावण्याची गरज नसते. शून्यापासून दहापर्यंत यायला आणखी अडीच-तीन महिने धरा. गुढीपाडव्याला सुरुवात करणाऱ्याला पावसाळा सरता सरता होणारी सातारा हिल हाफ मॅरेथॉन गाठता येते. दिवाळीनंतर जागं होऊन जानेवारीची मुंबई गाठायची म्हटली, तर हाडांना दिलेला वेळ फार कमी पडतो.

मुंबईबद्दल पुणेकरांना आणि नाशिककरांना वेगळं सांगायला हवं. धावताना खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी तीन चतुर्थांशाहून जास्त भाग उष्णतेत जातो. ती बाहेर टाकायचा मुख्य उपाय घाम. एक लिटर घाम अंगावरून वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो; नुसता ठिबकला तर जवळजवळ काहीच नेत नाही. पुण्यात डिसेंबरच्या कोरड्या थंडीत केलेला सराव सी लिंकवरच्या दमट हवेत तसाच्या तसा लागू पडत नाही. उष्ण-दमट हवेची सवय व्हायला दहा-चौदा दिवस लागतात. ते नसतील तर वेग कमी ठेवावा. पाणी तहानेनुसार प्यावं. बोस्टन मॅरेथॉनच्या २००२ च्या शर्यतीत ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम घटलेलं आढळलं. जास्त पाणी पिऊन शर्यतीत वजन वाढलेल्यांत हे प्रमाण अधिक होतं. प्रत्येक टेबलावर ग्लास रिकामा करायची सक्ती नाही.

साताऱ्याचा प्रश्न उताराचा आहे. यवतेश्वरचा घाट चढताना धाप लागते म्हणून सगळे चढाला घाबरतात, पण चढावर पाऊल हलकं पडतं. परतीच्या उतारावर छातीला आराम मिळतो आणि मांड्यांचं काम सुरू होतं. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच आकुंचन पावून शरीराला लगाम घालतो. या प्रकारच्या कामात स्नायूतंतूंना सर्वांत जास्त सूक्ष्म इजा होते. सुदैवाने स्नायू ही गोष्ट पटकन शिकतो: एकदा बेताचा उतार धावला, की पुढचे काही आठवडे तशाच उताराने होणारी इजा बरीच कमी होते. त्यामुळे शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी कात्रज, सिंहगडाचा रस्ता, जवळ असेल तो घाट, तिथे एकदा सावकाश उतरून यावं. शेवटच्या आठवड्यात नको.

एवढं करूनही शर्यतीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागेल. दुखणं चार-पाच दिवसांत जातं, पण स्नायूची ताकद पूर्ण परतायला काहींना आठवड्याहून जास्त वेळ लागतो. दमलेला स्नायू धक्का कमी शोषतो आणि उरलेला धक्का हाडाकडे जातो. म्हणून पदक मिळाल्यानंतरचा आठवडा चालण्याचा, हवं तर सायकलचा. त्या वेळी छाती ताजीतवानी असेल आणि पळावंसं वाटेल, तरीही.