ट्वायलाइट इम्पेरियम: नवख्यांना मिळणारे सल्ले आले कुठून?

‘ट्वायलाइट इम्पेरियम’ या अंतराळ-साम्राज्याच्या बोर्डगेमच्या पटावर पहिल्यांदा बसणाऱ्याला शेजारचा अनुभवी खेळाडू चार गोष्टी हमखास सांगतो: लढत बसू नकोस, गुण मोज, टोकन जपून वापर, आणि मेकॅटॉलवर (पटाच्या मधोमधचा मेकॅटॉल रेक्स हा ग्रह) लक्ष ठेव. पुण्यात कोथरूडला डाव मांडा नाहीतर औंधला, हे चार सल्ले चुकत नाहीत. नवख्याला मात्र पहिलाच सल्ला पटत नाही. पेटीतून प्लॅस्टिकची साडेतीनशेच्या वर जहाजं आणि सैनिक बाहेर पडलेले असतात आणि हा म्हणतो लढू नकोस! सल्ला बरोबर आहे. पण तो का बरोबर आहे, हे कळायला खेळाच्या जुन्या आवृत्त्यांकडे जावं लागतं, कारण यातला जवळजवळ प्रत्येक सल्ला त्या आवृत्त्यांमधल्या एखाद्या अडचणीतून आलेला आहे.

पहिली आवृत्ती १९९७ची. ख्रिश्चन पीटरसन यांनी ती बनवली आणि त्यांच्याच ‘फँटसी फ्लाइट गेम्स’ने काढली. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातली ही कंपनी १९९५मध्ये युरोपीय कॉमिक्स छापण्यासाठी सुरू झाली होती. त्या काळात कॉम्प्युटरवर अंतराळ-साम्राज्याच्या खेळांची लाट होती. १९९३मध्ये ॲलन एमरिक यांनी ‘मास्टर ऑफ ओरायन’बद्दल लिहिताना अशा खेळांना ‘फोर-एक्स’ हे नाव दिलं: शोधा, पसरा, उपसा, संपवा (इंग्रजीत या चारही शब्दांत ‘एक्स’ येतो). टेबलावर घोळ होतो तो या चौथ्या शब्दाचा. हरवलेला कॉम्प्युटर गप्प बसतो. पण दुसऱ्या तासाला साफ झालेला मित्र उरलेले पाच-सहा तास काय करणार? म्हणून पुढच्या आवृत्त्यांमध्ये उद्दिष्टांच्या पत्त्यांना महत्त्व आलं. समोरच्याला संपवून कोणी जिंकत नाही, आधी १० गुण करणारा जिंकतो.

आजच्या चौथ्या आवृत्तीत पहिल्या टप्प्याचं जाहीर उद्दिष्ट १ गुणाचं, दुसऱ्या टप्प्याचं २ गुणांचं. प्रत्येक फेरीच्या शेवटी एकच जाहीर आणि एकच गुप्त उद्दिष्ट पुरं करता येतं, आणि गुप्त उद्दिष्टं एकूण तीनच. डाव बहुधा पाच-सहा फेऱ्यांत आटोपतो. म्हणजे एक फेरी जाहीर उद्दिष्टाविना गेली की गाडी चुकली. ‘८ रिसोर्स (ग्रहांकडून मिळणारी बांधकामाची साधनं) खर्च करा’ किंवा ‘घराबाहेरचे ६ ग्रह ताब्यात ठेवा’ अशा उद्दिष्टांसाठी कोणाशी लढायची गरजच नाही. उलट लढाईत घरचा एखादा ग्रह गमावलात, तर तो परत मिळेपर्यंत एकही जाहीर उद्दिष्ट पुरं करता येत नाही. नवखे सगळी फौज पुढे रेटतात आणि नेमके इथे सापडतात.

खेळाला आजचं रूप दिलं ते २००५च्या तिसऱ्या आवृत्तीने. त्यात आठ स्ट्रॅटेजी पत्ते आले: पत्ता उचलणाऱ्याला मोठा लाभ, बाकीच्यांना छोटा. २००२च्या ‘पोर्तो रिको’मुळे ही कल्पना बोर्डगेमवाल्यांच्या ओळखीची झाली होती. त्यासोबत कमांड टोकनही (चाल करायला खर्च करायच्या सोंगट्या) आले, आणि नवख्यांचे सर्वांत जास्त डाव बुडतात ते इथेच.

उदाहरणाला ‘फेडरेशन ऑफ सोल’ घेऊ. पहिल्या डावाला हाच पक्ष बरा. हाताशी २ कॅरियर (सैन्य वाहून नेणारी जहाजं), १ डिस्ट्रॉयर, ५ इन्फंट्री (पायदळ), ३ फायटर आणि १ स्पेस डॉक (जहाजं बांधायची गोदी). टोकन ८: टॅक्टिकमध्ये (चालींसाठी) ३, फ्लीटमध्ये (ताफ्याच्या मर्यादेसाठी) ३, स्ट्रॅटेजीत (इतरांच्या पत्त्यांचा छोटा लाभ घ्यायला) २. नवखा काय करतो? आधी घरी टोकन ठेवून जहाज बांधतो. झालं! ज्या सिस्टिममध्ये (पटावरच्या षटकोनात) तुमचं टोकन पडलं, तिथली जहाजं त्या फेरीत हलत नाहीत. दोन्ही कॅरियर घरातच अडकले आणि पहिली फेरी वाया गेली. क्रम उलटा हवा. पहिल्या टोकनाने एक कॅरियर बाहेर काढा, दुसऱ्याने दुसरा, प्रत्येकात दोन-दोन इन्फंट्री भरून. तिसरं टोकन शेवटी घरी ठेवा आणि यॉर्ड ग्रहाच्या ४ रिसोर्समध्ये एक कॅरियर (३) आणि दोन इन्फंट्री (दोन मिळून १) बांधा. कोणी ‘वॉरफेअर’ हा स्ट्रॅटेजी पत्ता उचलला असेल, तर त्याच्या छोट्या लाभाने स्ट्रॅटेजीतलं एक टोकन देऊन घरी टोकन न ठेवताही बांधकाम होतं.

आता हिशोब बघा. वरच्या चालींत टॅक्टिकचे तीन गेले, छोट्या लाभांपायी स्ट्रॅटेजीचे दोनही गेले, तर खर्च पाच. फेरीअखेरीला परत मिळतात दोन (सोलला एक जास्त, म्हणून तर तो नवख्यांचा). पुढच्या फेरीत इतरांच्या चाली चालू असतात आणि नवखा हात बांधून बसतो. ‘लीडरशिप’ पत्त्याचे ३ टोकन, शिवाय दर ३ इन्फ्लुएन्सला (ग्रहांकडून मिळणारं राजकीय वजन) १, ही किंमत तेव्हा कळते. त्याच्या छोट्या लाभाला स्ट्रॅटेजी टोकन लागत नाही, तो कधीच सोडू नये. आणखी एक फसगत: नव्याने घेतलेल्या ग्रहाचा पत्ता वापरलेल्या बाजूनेच हातात येतो. तो जमेला धरून आखलेली खरेदी त्या फेरीत होत नाही.

तिसऱ्या आवृत्तीचा मोठा दोष ‘इम्पेरियल’ पत्त्यात होता. तो उचलला की सरळ २ गुण, काहीही न करता. ‘इनिशिएटिव्ह’ उचलणाऱ्याला पुढच्या फेरीत पहिली निवड. मग काय, आज इनिशिएटिव्ह, उद्या इम्पेरियल, अशी रांगच लागली; रेशनच्या दुकानासारखी. १० गुणांच्या खेळात २ गुण असे वाटले जाऊ लागले की उद्दिष्टांकडे कोण बघणार? २००६च्या ‘शॅटर्ड एम्पायर’ या पुरवणीत पर्यायी पत्ते द्यावे लागले ते यामुळेच.

२०१७च्या चौथ्या आवृत्तीने इम्पेरियलचे फुकट गुण बंद केले. आता तो उचलणारा एक जाहीर उद्दिष्ट लगेच पुरं करू शकतो आणि मेकॅटॉल रेक्स ताब्यात असेल तरच वर १ गुण मिळतो, नाहीतर गुप्त उद्दिष्टाचा एक पत्ता. सगळे मेकॅटॉलभोवती घुटमळतात त्याचं हे एक कारण. दुसरं कारण तिथलं कस्टोडियन टोकन. ६ इन्फ्लुएन्स मोजून ते पहिल्यांदा हटवणाऱ्याला १ गुण, आणि तिथून पुढे दर फेरीला सभा भरून ठरावांवर मतदान. मेकॅटॉलचे स्वतःचे ६ इन्फ्लुएन्स या कामी येत नाहीत. किंमत उतरण्याआधीच भरायची असते. घाईघाईने तिथे पोचून ४ इन्फ्लुएन्स घेऊन उभे राहणारे दर दुसऱ्या डावात दिसतात. ट्रेड गुड (व्यापारातून मिळणारं चलन) इन्फ्लुएन्स म्हणून चालतात, ते याच क्षणासाठी राखून ठेवावेत.

व्यापारही २०१७मध्ये बदलला. जुन्या आवृत्तीतले व्यापारी करार जाऊन कमॉडिटी (व्यापाराचा माल) आल्या. स्वतःकडे पडून राहिल्या तर कवडीमोल, शेजाऱ्याला दिल्या की त्याच्या हातात ट्रेड गुड होतात. म्हणून एकास एक अदलाबदल दोघांच्याही फायद्याची, आणि म्हणूनच शेजाऱ्याशी लगेच वैर नको. करार जागच्या जागी पुरा होण्यासारखा असेल तरच बांधील. ‘पुढच्या फेरीत तुझ्यावर येणार नाही’ हा नुसता शब्द. १६६५ला पुरंदरच्या तहात २३ किल्ले दिले आणि १६७०मध्ये सिंहगडापासून परत घेतले, हे शाळेत शिकलेल्यांना वेगळं समजावायला नको. अपवाद ‘सपोर्ट फॉर द थ्रोन’ या पत्त्याचा: तो ज्याला द्याल त्याला १ गुण, पण त्याने तुमचं सैन्य असलेल्या सिस्टिममध्ये टोकन ठेवलं की पत्ता परत तुमच्याकडे. दोन शेजाऱ्यांनी तो एकमेकांना दिला, की ती सीमा बरीचशी थंड होते.

२०२०च्या ‘प्रॉफेसी ऑफ किंग्ज’ने ग्रहांची शोधमोहीम, नेते आणि मेक (लढाऊ यंत्रं) आणले, सात पक्ष वाढवले आणि खेळाडूंची मर्यादा आठवर नेली. शोधमोहिमेमुळे सुरुवातीची चणचण कमी होते हे खरं, पण पहिल्या डावाला ती पेटी बंदच बरी. नियमपुस्तिकेतली तयार मांडणी घ्यावी. सहा जणांच्या पटाला ३७ षटकोन लागतात, आडवे सात. टू-बीएचकेमधल्या जेवणाच्या टेबलावर प्रत्येकाचा पक्षपट आणि पत्ते धरून ते मावत नाही, तेव्हा सतरंजी अंथरून खाली बसणं सोयीचं. पंखा मात्र मंद ठेवावा, पत्ते उडतात.

शेवटच्या फेरीचं एक गणित. गुण मोजायची वेळ येते तेव्हा लहान आकड्याच्या स्ट्रॅटेजी पत्त्यापासून सुरुवात होते. दोघं ९ वर असतील, तर १ आकड्याचा ‘लीडरशिप’ हातात असलेला आधी १० गाठतो. त्याला मागे टाकायचं तर ८ आकड्याचा इम्पेरियल आपल्या पाळीत, मोजणीच्या आधीच, खेळून मोकळं व्हावं लागतं.