जुन्या गाडीत इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग बसवताय? आरटीओत कुठे अडकतं ते आधी वाचा

मारुती ८००, पहिली अल्टो, जिप्सी, पद्मिनी असली गाडी घरात असेल आणि चालवणाऱ्याचा खांदा आखडलेला असेल किंवा एका हातात जोर नसेल तर ईपीएस म्हणजे इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग खरंच मोठी सोय आहे, उभ्या गाडीचं चाक एका हाताने वळतं. मुळात ही गोष्ट छोट्या गाडीतच आली, सुझुकीने १९८८ मध्ये सर्वो या कारमध्ये दिली. बसवणारे मेकॅनिकही आता सापडतात. अडतं ते कागदांवर, आणि बहुतेक लोक कागदांचा विचार काम झाल्यावर करतात. तेव्हा उशीर झालेला असतो, कारण लागणारे निम्मे कागद काम चालू असतानाच जमवावे लागतात.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ म्हणतं की आरसीवरचा (नोंदणी प्रमाणपत्रावरचा) तपशील कंपनीने दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही हेच ठामपणे सांगितलं. पण त्याच कलमाखाली एक स्पष्टीकरण आहे जे कोणी वाचतच नाही: बदल म्हणजे गाडीच्या रचनेतला असा फेरफार की ज्याने तिचं मूळ वैशिष्ट्य बदलतं. आता तुमची आरसी काढून बघा, त्यावर इंधन आहे, रंग आहे, सीट आहेत, वजन आहे, चॅसी नंबर आहे, स्टेअरिंगचा रकाना नाही. म्हणून काही मेकॅनिक सांगतात की काहीच करायची गरज नाही. एवढ्यावर विसंबू नका. कलम १८२अ च्या पोटकलम ४ मध्ये कायद्याला मान्य नसलेल्या पद्धतीने पार्ट बसवला तर दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही असं लिहिलंय आणि तिथे रेट्रोफिटिंग (म्हणजे मागाहून पार्ट बसवणं) हा शब्द स्पष्ट आहे.

त्यामुळे तुम्ही कोणत्या दाराने जाताय ते आधी ठरवा. गाडी अल्टो एलएक्स असेल आणि त्याच मॉडेलच्या एलएक्सआयचा कंपनीचा कॉलम (चाकाला जोडलेला स्टेअरिंगचा दांडा) बसवत असाल तर तुमची बाजू बरीच भक्कम आहे, कारण पार्ट त्याच मॉडेलचा आहे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून पार्ट नंबर दिसणारं कॅटलॉगचं पान घ्या, सोबत साधा अर्ज जोडा आणि काम सुरू करायच्या आधी आरटीओत देऊन स्वतःच्या प्रतीवर आवकचा शिक्का मारून घ्या. ८०० ला किंवा जिप्सीला कंपनीने पॉवर स्टेअरिंग दिलंच नव्हतं, तिथे असं पान मिळणार नाही, म्हणून तिथे लेखी परवानगी हातात आल्याशिवाय स्पॅनर लावू देऊ नका.

दुसरं दार दिव्यांग चालकांचं. कलम ५२ च्या पोटकलम २ नुसार स्वतःची गाडी अडॅप्टेड व्हेईकल, म्हणजे दिव्यांग चालकाच्या गरजेप्रमाणे बदललेली गाडी, करून घेता येते आणि इथे मंजुरी नंतर घेतली तरी चालते. पात्रता सरळ आहे, शारीरिक अपंगत्व आणि त्यासाठी केलेला बदल. पण सगळ्यात जास्त अर्ज इथेच परत येतात आणि बघून वाईट वाटतं, कारण माणूस खरा असतो, गरज खरी असते, कागद एकमेकांशी बोलत नाहीत. यूडीआयडी कार्डावर (सरकारच्या दिव्यांग ओळखपत्रावर) पायाचं अपंगत्व आणि अर्ज स्टेअरिंगचा, मग निरीक्षक विचारणारच की हाताचं काय. हातात किंवा खांद्यातही दोष असेल तर तो प्रमाणपत्रावर आणि फॉर्म १अ वर (लायसन्ससाठीचा वैद्यकीय दाखला) डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्या, ‘अशक्तपणा’ असं मोघम नको. सिव्हिल हॉस्पिटलचं जुनं हाताने लिहिलेलं प्रमाणपत्र असेल तर आधी यूडीआयडी काढा. आणि लायसन्स! गाडी अडॅप्टेड झाली आणि लायसन्सवर फक्त एलएमव्ही (हलकं मोटार वाहन) राहिलं तर दोन्हीचा मेळ बसत नाही, अडॅप्टेड व्हेईकलचा वर्ग लायसन्सवर चढवून घ्यायचा वेगळा अर्ज असतो. नुसत्या वयामुळे खांदा दुखणाऱ्यांना हे दार उघडं नाही, त्यांनी पहिल्यानेच जायचं.

आता तो कागद जो कोणाकडेच नसतो, म्हणजे कॉलमचं बिल. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून किंवा कुठल्यातरी गॅरेजमधून कॉलम, मोटर, ईसीयू (मोटर चालवणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोल बॉक्स) रोख पैसे देऊन आणतात आणि बिल मागितलं की विक्रेता हसतो. बिल नसेल तर पार्ट चोरीच्या गाडीचा नाही हे तुम्ही सिद्ध करू शकत नाही, एवढं साधं आहे. थोडे जास्त पैसे जातील पण नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातून घ्या आणि बिलावर पार्ट नंबर आणि ज्या गाडीतून काढला तिचा तपशील लिहायला लावा. आरटीओच्या खिडकीवर कधीकधी एआरएआयचं (गाड्या आणि पार्ट तपासणारी संस्था) सर्टिफिकेट आणा म्हणून सांगतात. ते किट बनवणाऱ्याच्या नावाने असतं, मालकाच्या नावाने नसतं, त्यामुळे नवीन किट घेत असाल तर पैसे देण्याआधीच विक्रेत्याकडे प्रत मागा आणि नाही म्हणाला तर दुसरीकडे जा. सामान्य माणसाला असला कागद आणायला पाठवणं मला बिलकुल पटत नाही, पण पाठवतात हे खरंय.

मुदत चुकीची वाचली जाते ती अशी. कलम ५२ च्या पोटकलम ३ प्रमाणे बदल केल्यापासून १४ दिवसांत तुम्ही राहता तिथल्या आरटीओला कळवायचं आणि आरसी व फी द्यायची. लोक हे १४ दिवस बिलापासून मोजतात किंवा अपॉइंटमेंट मिळाल्यापासून मोजतात, दोन्ही चूक. गॅरेजच्या जॉबकार्डवर काम पूर्ण झाल्याची तारीख लिहून घ्या, तीच धरली जाईल. गाडी कर्जावर असेल तर फायनान्सरची लेखी संमती आधी.

बाकी पायऱ्या नेहमीच्या, परिवाहन पोर्टलवर वाहन सेवांमध्ये अल्टरेशनचा अर्ज, फी, अपॉइंटमेंट, आरसी, विमा, पीयूसी. फक्त जुन्या गाडीत हे बघा: आरसीला जुन्या मालकाचा मोबाईल जोडलेला असला तर ओटीपी त्याला जातो, जुन्या छापील आरसी पुस्तकातली गाडी वाहन पोर्टलवर नसेल तर आधी बॅकलॉग एन्ट्री (जुनी नोंद ऑनलाइन चढवणं), थकलेले ई-चलान भरलेले हवेत, आणि १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) नसेल तर महाराष्ट्रात आरटीओची कामं अडवतात.

तपासणीला गाडी नेताना डॅशबोर्डखालचं पॅनल काढता येईल असं ठेवा. निरीक्षक पहिल्यांदा वेल्डिंग बघतो आणि ते बरोबरच आहे. दुसऱ्या मॉडेलचा कॉलम लांबीला बसत नाही म्हणून शाफ्ट कापून वेल्ड मारतात, ते करू नका, योग्य स्प्लाइनचा (शाफ्टवरच्या दातांशी जुळणारा) युनिव्हर्सल जॉइंट घ्या, वेल्ड तुटला तर हातात नुसतं चाक उरतं. केंद्रीय मोटार वाहन नियम ९८ प्रमाणे स्टेअरिंगचा प्ले (चाक मोकळं फिरणं) ३० अंशांपेक्षा जास्त नको, तेव्हा झिजलेले बॉल जॉइंट आधी बदला, त्यांचे रबर कॅपही. मोटरचा सप्लाय बॅटरीवरून स्वतंत्र फ्यूज लावून घेतलेला असावा. तो फ्यूज काढून गाडी हाताने वळवून दाखवता आली पाहिजे, जड वळेल पण वळली पाहिजे. घरीच करून बघा.

विमा कंपनीला पत्र द्या आणि आयएमटी २४ ची नोंद मागा, ही कंपनीच्या किमतीत नसलेल्या इलेक्ट्रिकल फिटिंगसाठी असते. तोंडी सांगितलेलं क्लेमच्या वेळी कोणी मानत नाही.

गाडीला १५ वर्षं होत आली असतील तर नूतनीकरणाचा फॉर्म २५ आणि हे काम एकाच महिन्यात आणू नका, एकाच्या शेऱ्यात दुसरं अडकतं. आणि पद्मिनी ५० वर्षांपुढची असून व्हिंटेज नोंदणी करायची असेल तर ईपीएसचा विचार सोडा असंच मी सांगेन. २०२१ च्या नियमांत गाडी मूळ स्वरूपात हवी असं म्हटलंय, चॅसी, बॉडी आणि इंजिनाचं नाव घेतलंय, स्टेअरिंगचं नाही, पण मूळ स्वरूप हे दोन शब्द नकार द्यायला पुरेसे आहेत आणि नव्या नोंदणीची २०,००० फी पणाला लागते.

अर्ज नाकारला तर ‘होणार नाही’ एवढं ऐकून परत येऊ नका. लेखी कारण मागा. कलम ५७ खाली ३० दिवसांत अपील करता येतं आणि हे दिवस आदेशाची नोटीस तुमच्या हातात पडल्यापासून मोजतात, म्हणून लिफाफा आणि पोचपावती जपून ठेवा, अपिलाला आवकचा शिक्का मारलेली ती पहिली प्रतही जोडा.