मुलांना जाहिरात ‘कळते’ म्हणजे नेमके काय? एका संज्ञेची पार्श्वभूमी

मुले आणि जाहिराती हा विषय निघाला की वयाचे आकडे लगेच पुढे येतात. कुणी आठ म्हणते, कुणी बारा, कुणी तेरा. हे आकडे कायद्यांत आणि कंपन्यांच्या आचारसंहितांत जाऊन बसले आहेत. त्यांतल्या बऱ्याच आकड्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: समोरची जाहिरात आपले मन वळवण्यासाठी केलेली आहे, हे मुलाला कोणत्या वयात समजते? संशोधनात याला ‘मन वळवण्याचा हेतू ओळखणे’ म्हणतात. या क्षेत्रात सर्वाधिक गोंधळ घातला तो याच संज्ञेने.

रेडिओ आणि मासिकांच्या काळातही मुलांना उद्देशून जाहिराती होत्या, पण तेव्हाचा अभ्यास बहुतांशी माल कसा खपेल याचाच होता. मुलांच्या बाजूने विचार करणारे संशोधन जोमाने सुरू झाले ते १९७०च्या दशकात, अमेरिकेत, टीव्हीच्या निमित्ताने. बालमानसशास्त्रातले विकासाचे टप्पे (दोन ते सात, सात ते अकरा, त्यापुढे) आयते हाताशी होते, ते जसेच्या तसे उचलले गेले. सात-आठ वर्षांचा उंबरठा मुळात तिथून आला. जाहिरातींच्या अभ्यासाने तो शोधून काढलेला नाही, आधीच मान्य असलेल्या उंबरठ्यावर आपले निष्कर्ष टांगले.

१९७४ मध्ये पहिली, तिसरी आणि पाचवीतल्या मुलग्यांच्या मुलाखतींवर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला आणि पुढे वर्षानुवर्षे उद्धृत होत राहिला. मन वळवण्याचा हेतू पहिलीतल्या जेमतेम निम्म्या मुलांनी ओळखला, तिसरीतल्या सुमारे ८७ टक्के मुलांनी आणि पाचवीतल्या जवळजवळ सर्वांनी. वयाबरोबर समज वाढते हे यात स्पष्ट दिसते. पण ‘ओळखला’ हे ठरवले कशावरून? ‘जाहिराती टीव्हीवर का दाखवतात?’, ‘जाहिरात तुला काय करायला सांगते?’ अशा धाटणीचे प्रश्न विचारायचे आणि आलेली उत्तरे ठरलेल्या वर्गांत टाकायची, ही तेव्हाची पद्धत. ‘आपण ते विकत घ्यावं म्हणून’ असे मूल म्हणाले की समज आहे अशी नोंद व्हायची.

घोळ इथेच आहे. ‘ती वस्तू विकायची आहे’ हे समजणे वेगळे आणि ‘ती मला हवीशी वाटावी म्हणून माझ्या मनावर काम केले जात आहे’ हे समजणे वेगळे. पहिल्यासाठी दुकान, पैसे आणि वस्तू यांचा संबंध माहीत असला की पुरते. दुसऱ्यासाठी समोरच्याला माझ्या मनात काहीतरी घडवून आणायचे आहे आणि त्यासाठी तो चांगले तेवढेच दाखवतो, हे मुलाच्या लक्षात यावे लागते. पहिल्याला विक्रीचा हेतू म्हणतात, दुसऱ्याला मन वळवण्याचा हेतू. सुरुवातीच्या पुष्कळ अभ्यासांत दोन्ही एकाच खान्यात पडले. पुढे ते वेगळे मोजले तेव्हा फरक दिसला. २०११च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात सात-आठ वर्षांच्या बहुसंख्य मुलांना विक्रीचा हेतू कळत होता, पण अकरा-बारा वर्षांच्या मुलांतही मन वळवण्याचा हेतू फक्त ४० टक्क्यांनाच सांगता आला. म्हणजे एका व्याख्येने आठव्या वर्षी मूल ‘तयार’ ठरते आणि दुसऱ्या व्याख्येने बाराव्या वर्षीही बहुसंख्य मुले तयार नसतात. धोरणाच्या चर्चेत बहुधा पहिलीच व्याख्या वापरली गेली, कारण ती मोजायला सोपी आणि जाहिरातदारांना सोयीची होती.

याच्या उलट दिशेनेही वाद झाला. लहान मुलाला समजते पण शब्दांत मांडता येत नाही, असा आक्षेप १९८०च्या सुमारास पुढे आला आणि चित्रांच्या चाचण्या आल्या. मुलाला जाहिरात दाखवायची, मग दोन चित्रे ठेवायची: एकात आई आणि मूल दुकानात तीच वस्तू घेत आहेत, दुसऱ्यात मूल टीव्ही बघत आहे. ‘तू काय करावंस असं जाहिरातीतल्या पात्राला वाटतं?’ या धर्तीचा प्रश्न. बालवाडीच्या वयाच्या बहुसंख्य मुलांनीही बरोबर चित्रावर बोट ठेवले आणि तीन-चार वर्षांच्या मुलांनाही कळते अशी चर्चा सुरू झाली. काही वर्षांतच अशाच चाचण्या जास्त चित्रे ठेवून झाल्या, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण कोसळले.

कारण साधे आहे. दोन चित्रांत डोळे मिटून बोट ठेवले तरी निम्मी उत्तरे बरोबर येतात. अशा चाचणीत ७० टक्के मुले बरोबर ठरली, तर अंदाजाचा वाटा वजा करून खरोखर माहीत असलेली मुले उरतात ४० टक्के: ७० मधून ५० वजा करायचे आणि उरलेल्या २० ला ५० ने भागायचे. चार चित्रांत तेच ७० टक्के आले असते तर खरा आकडा ६० टक्के झाला असता. शिवाय दुकानाच्या चित्रात आताच पाहिलेली वस्तू आहे, तेव्हा हेतू न कळताही मूल ओळखीच्या वस्तूकडेच बोट नेते. चित्रांच्या चाचणीचा निष्कर्ष वाचताना पर्याय किती होते आणि जाहिरातीतली वस्तू किती चित्रांत होती, हे आधी पाहावे. ही माहिती दिलेली नसेल तर टक्केवारीला अर्थ नाही.

हा वाद चालू असतानाच अमेरिकेत निर्णय होऊन गेला होता. १९७८ मध्ये व्यापार नियामक यंत्रणेपुढे तीन प्रस्ताव ठेवले गेले: आठ वर्षांखालील मुलांचा मोठा वाटा असलेल्या कार्यक्रमांत जाहिरातींना पूर्ण बंदी, त्याहून थोड्या मोठ्या मुलांपुढे दातांना सर्वाधिक अपायकारक अशा साखरयुक्त पदार्थांच्या जाहिरातींना बंदी, आणि इतर साखरयुक्त पदार्थांच्या जाहिरातींना जाहिरातदारांच्याच खर्चाने आहारविषयक माहितीची जोड. उद्योगांनी जोरदार विरोध केला. १९८० मध्ये संसदेने कायदा करून, मुलांच्या जाहिराती ‘अन्यायकारक’ आहेत या आधारावर नियम करण्याचा यंत्रणेचा अधिकार काढून घेतला. १९८१ मध्ये प्रक्रिया बंद झाली.

शेवटच्या अहवालात मात्र एक कबुली आहे: सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना जाहिरातीचा हेतू समजत नाही आणि ही काळजीची बाब आहे. मग नियम का नाही? कारण फक्त त्यांच्यापुरती बंदी घालता येत नाही. ती मुले घरातल्या सगळ्यांबरोबर टीव्ही पाहतात, आणि ज्यांच्या प्रेक्षकांत त्यांचाच वाटा मोठा आहे असे कार्यक्रम हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. तीन वर्षांत आठाचा आकडा सहावर आला, हेही नोंदवून ठेवावे. त्या माघारीचे वर्णन ‘पुरावा अपुरा पडला’ असे केले जाते ते पूर्ण बरोबर नाही. हेतू न समजण्याचा पुरावा मान्य झाला होता, अडले ते प्रेक्षक मोजण्याच्या पद्धतीवर.

ती अडचण आजही तशीच आहे. ‘एकूण प्रेक्षकांत मुलांचा वाटा ३५ टक्क्यांहून जास्त असेल तर जाहिरात नाही’ अशा धर्तीचे कंपन्यांचे स्वयंनियमन पुढे रुळले, काही ठिकाणी ही मर्यादा ३० टक्क्यांवर आली. गणित करून पाहावे. मुलांचा एक कार्यक्रम, प्रेक्षक ३ लाख, त्यांत मुले ६० टक्के: १ लाख ८० हजार मुले. संध्याकाळचा कौटुंबिक कार्यक्रम, प्रेक्षक ४० लाख, मुले १५ टक्के: ६ लाख मुले. नियम पहिल्याला लागू होतो, दुसरा मोकळा. ब्रिटनने २००७ पासून चरबी, मीठ, साखर जास्त असलेल्या पदार्थांसाठी १२० चा निर्देशांक वापरला, म्हणजे लोकसंख्येत १६ वर्षांखालील मुले २० टक्के असतील तर प्रेक्षकांत ती २४ टक्के झाली की कार्यक्रम मुलांच्या आवडीचा धरायचा. पहिल्या पद्धतीपेक्षा कडक, पण तीही वाट्यावरच चालते, मुलांच्या संख्येवर नाही. तिथे पुढे रात्री नऊपूर्वी टीव्हीवर अशा जाहिराती नकोत हा वेळेचा नियम आला, त्यामागचे कारण हेच. कॅनडातल्या क्विबेक प्रांताने १९८० पासून वेगळा मार्ग धरला: वस्तू कशासाठी आहे, जाहिरात मांडली कशी, दाखवली केव्हा आणि कुठे, यावरून ती १३ वर्षांखालील मुलांसाठी आहे का हे ठरवायचे. १९८९ मध्ये हा कायदा सर्वोच्च न्यायालयातही टिकला.

प्रेक्षकांचा वाटा ज्यावरून काढतात त्या नोंदीही कच्च्या असतात. कोणी काय पाहिले हे घरोघरी डायरीत लिहून घेण्याच्या काळात लहान मुलाची पाने पालक आठवून भरायचे. टीव्हीला जोडलेल्या पीपल मीटर या यंत्रावर, टीव्ही पाहणाऱ्या प्रत्येकाने आपले बटण दाबायचे असते, आणि मूल खोलीत आले-गेले की बटण राहून जाते. मोबाइलवर तर खाते आईचे किंवा वडिलांचे असते, म्हणून सहा वर्षांच्या मुलाची नोंद पस्तिशीच्या माणसाची होते.

मुलांना सावध करण्यासाठी जाहिरातींना जोडलेल्या इशाऱ्यांचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. कार्यक्रम आणि जाहिरात यांच्यामध्ये ‘थोड्याच वेळात परत येऊ’ छापाची पट्टी टाकल्याने बालवाडीच्या मुलांना फारसा फरक कळला नाही. १९७७च्या एका प्रयोगात सहा आणि आठ वर्षांच्या मुलांना खेळण्यांच्या जाहिराती दाखवल्या. ‘जोडणी आवश्यक’ या थाटाची नेहमीची सूचना असून नसल्यासारखी ठरली, ‘हे तुला स्वतः जोडावं लागेल’ अशा साध्या वाक्याने मात्र बऱ्याच जास्त मुलांना अर्थ समजला. इतकी जुनी आणि स्वस्तात अमलात आणता येणारी गोष्ट असूनही आजच्या सूचना कायदेशीर भाषेतच लिहिल्या जातात, याचे वाईट वाटते.

२००० नंतर मूळ गृहीतकच हलले. हेतू समजला म्हणजे मूल सावध होते, असे दशकानुदशके धरून चालले होते. पण किशोरवयीन मुलांना हेतू पक्का ठाऊक असतो आणि तरीही जाहिरातीचा परिणाम त्यांच्यावर लहान मुलांपेक्षा कमी होतो असे दिसेना. २००७च्या एका अमेरिकन प्रयोगात तीन ते पाच वर्षांच्या ६३ मुलांना एकच पदार्थ दोन वेष्टनांत दिला, एक प्रसिद्ध ब्रँडचे, दुसरे कोरे. पाच पदार्थांपैकी चारांच्या बाबतीत ब्रँडच्या वेष्टनातला नमुना मुलांना जास्त चविष्ट लागला. तिथे समोर जाहिरात नव्हतीच, मग हेतू ओळखायचा कशाचा? आता जाहिरात-साक्षरतेचे किमान तीन भाग वेगळे मोजतात: माहिती आहे का, ती ऐन वेळी आठवते का, आणि जाहिरातीकडे बघण्याची वृत्ती चिकित्सक आहे का. आठ ते बाराच्या मुलांत दुसरा भाग कच्चा असतो. विचारले की सांगतात, आपणहून आठवत नाही.

वेबवर तर ‘ही जाहिरात आहे’ इथपासूनच सुरुवात. २००९च्या ब्रिटिश अभ्यासात मुलांपुढे वेबपानांचे नमुने ठेवले. सहा वर्षांच्या मुलांनी त्यांतल्या पाव जाहिराती ओळखल्या, आठ वर्षांच्यांनी निम्म्या, दहा-बारा वर्षांच्यांनी सुमारे पाऊण. टीव्हीच्या जाहिराती मुले याहून लहान वयात ओळखतात, कारण तिथे संगीत बदलते, लय बदलते, कार्यक्रम थांबतो. इन्फ्लुएन्सरच्या व्हिडिओत काहीच थांबत नाही. नजरेचा माग घेणाऱ्या प्रयोगांत, व्हिडिओ सुरू होण्याआधी एकटी दाखवलेली ‘ही पैसे घेऊन केलेली जाहिरात आहे’ ही सूचना मुलांच्या नजरेत येते, आणि चालू व्हिडिओच्या कोपऱ्यातली सूचना बरीच मुले पाहतच नाहीत.

कायद्यांनी मात्र समजुतीचा प्रश्न बाजूला ठेवून मुलांची माहिती गोळा करण्याला हात घातला आहे. अमेरिकेचा १९९८चा कायदा १३ वर्षांखालील मुलांच्या ऑनलाइन माहितीपुरता आहे. युरोपात मुलाने स्वतः संमती देण्याचे वय १६ धरले असून देशांना ते १३ पर्यंत खाली आणता येते, आणि २०२२च्या कायद्याने अल्पवयीनांना त्यांच्या माहितीवरून नेमकी जाहिरात दाखवायला मनाई केली. भारताच्या २०२३च्या कायद्यात मूल म्हणजे १८ वर्षांखालील व्यक्ती. १३, १६ आणि १८ यांपैकी एकही आकडा हेतू ओळखण्याच्या संशोधनातून आलेला नाही. आणि हे नियम पाळायला समोरच्याचे वय कळावे लागते, ते अजूनही बहुतेक ठिकाणी मुलाने स्वतः भरलेल्या जन्मतारखेवरूनच ठरते.