हॅच दिसण्यातील दोष (संगणकीय आरेखन)

नकाशातले काँक्रीट, वीटकाम, मातीचा भराव किंवा खडी एका नजरेत ओळखू यावी म्हणून बंद आकृतीत रेघांची नक्षी किंवा भरीव रंग भरतात, त्याला हॅच म्हणतात. ऑटोकॅड ही संगणकीय आरेखनाची आज्ञावली आणि त्यावर उभारलेले, रस्ते-कालव्यांच्या कामाचे सिव्हिल थ्रीडी यांत हा हॅच कधी दिसतच नाही, कधी काळा ठोकळा दिसतो, कधी वेडावाकडा तुटतो, तर कधी पडद्यावर ठीक असून छपाईत बिघडतो. ड्राफ्ट्समन अशा वेळी फाइल बिघडली असे धरून चालतो. प्रत्यक्षात बहुतेक तक्रारींचे मूळ एककात, पॅटर्नच्या (नक्षीच्या) स्केलमध्ये, म्हणजे तिच्या लहानमोठेपणाच्या पटीत, किंवा बंद राहिलेल्या एखाद्या सेटिंगमध्ये सापडते.

पहिली पाहणी सोपी आहे : सगळेच हॅच गायब आहेत की एखादाच? सगळेच गायब असतील आणि जाड पॉलीलाइनही (जोडरेघाही) पोकळ दिसत असतील, तर फिलमोड हे भरणी चालू-बंद करणारे चल शून्यावर आहे. मोठी फाइल हलकी चालावी म्हणून कोणीतरी ते बंद केलेले असते. किंमत १ करून रीजेन, म्हणजे चित्र नव्याने काढण्याची आज्ञा, दिला की भरणी परत येते. रीजेन न देता नुसती किंमत बदलून पडद्याकडे पाहत बसण्यात अर्थ नाही. एखादाच हॅच नसेल, तर त्याचा लेयर (थर) बंद किंवा त्या व्ह्यूपोर्टपुरता, म्हणजे पानावरच्या त्या खिडकीपुरता, गोठवलेला आहे का ते पाहावे. हॅच ॲनोटेटिव्ह, म्हणजे नकाशाच्या स्केलनुसार आकार बदलणारा, असेल आणि चालू स्केल त्याला जोडलेले नसेल, तरीही तो दिसत नाही.

खरा घोळ स्केलचा. मेट्रिक फाइलमध्ये एएनएसआय३१ या नेहमीच्या तिरक्या रेघांच्या पॅटर्नमधले अंतर ३.१७५ एकक असते, इंची फाइलमध्ये ०.१२५, म्हणजे २५.४ पटींचा फरक. कोणती पॅटर्न-फाइल वापरायची हे मेझरमेंट हे चल ठरवते. घराचा नकाशा मिलिमीटरमध्ये आहे आणि २३० मिमीच्या नऊ इंची भिंतीत हा पॅटर्न स्केल १ ने भरला, तर दर ३.१७५ मिमीला एक रेघ पडते. १:१०० छपाईत हे अंतर जेमतेम ०.०३ मिमी उरते आणि भिंत काळी होते. उलट रस्त्याचा नकाशा मीटरमध्ये असतो. तिथे त्याच स्केल १ ने रेघा ३.१७५ मीटर अंतरावर पडतात, आणि अर्धा मीटर जाडीच्या संरक्षक भिंतीत एखाददुसरीच रेघ सापडून हॅच ‘आला नाही’ असे वाटते. कागदावर साधारण तीन मिलिमीटर अंतर हवे असेल, तर १:१०० साठी मिमीच्या फाइलमध्ये १०० आणि मीटरच्या फाइलमध्ये ०.१ हे स्केल येते. नऊ इंची भिंतीला तेही विरळ वाटते, म्हणून ५० घ्यावे. ‘एआर’ने सुरू होणारे पॅटर्न, उदाहरणार्थ काँक्रीटचा एआर-कॉंक, प्रत्यक्ष मापाला धरून बनवलेले असतात, त्यांना हा हिशेब तसाच लावता येत नाही.

रेघांची संख्या मर्यादेबाहेर गेली की आज्ञावली पॅटर्न नाकारते किंवा त्या जागी भरीव रंग दाखवते. ही मर्यादा एचपीमॅक्सलाइन्स या चलात असते आणि एक कोटीपर्यंत वाढवता येते. मात्र ती वाढवण्याआधी स्केल तपासावे. चुकीच्या स्केलला मोठी मर्यादा दिली, तर फाइल नुसती मंदावते.

सर्वेक्षणाच्या फाइलींचा रोग वेगळाच. त्यांतले निर्देशांक बहुधा यूटीएम या, पृथ्वीचे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीचे असतात. महाराष्ट्राचा बराचसा भाग यूटीएमच्या ४३ उत्तर या पट्ट्यात आणि विदर्भाचा पूर्व भाग ४४ उत्तरमध्ये येतो. पुण्याजवळ उत्तर-निर्देशांक सुमारे २० लाख ४८ हजार मीटर असतो. हॅचची नक्षी मूळबिंदूपासून मोजत आणलेली असते. इतक्या दूर आल्यावर दशांशांची अचूकता कमी पडते, कारण पडद्यावर चित्र काढताना पुष्कळदा सात-आठ अंकांपुरतीच अचूकता वापरली जाते. परिणामी रेघा थरथरल्यासारख्या, तुटक किंवा एकमेकींवर चढलेल्या दिसतात. यावर ‘सगळा नकाशा मूळबिंदूशी ओढून आणा’ हा सल्ला सर्रास मिळतो. रस्त्याच्या किंवा कालव्याच्या कामात तो धोक्याचा आहे : निर्देशांक हरवले, की साइटवरची आखणीच चुकते. त्याऐवजी हॅचचा उगमबिंदू, म्हणजे एचपीओरिजिन, त्याच आकृतीच्या एखाद्या कोपऱ्यावर ठेवावा. दोष तरीही उरलाच, तर ग्राफिक्स कार्डाचे हार्डवेअर प्रवेगन तात्पुरते बंद करून पाहावे.

सीमा सापडत नाही ही तक्रारही सर्वेक्षणातूनच येते. टोके न जुळलेल्या रेघांसाठी एचपीगॅपटोल, म्हणजे चालवून घेतली जाणारी फट, वाढवता येतो. पण त्रिमितीय पॉलीलाइनच्या प्रत्येक बिंदूची उंची वेगळी असते आणि हॅचला सपाट सीमा लागते. अशा वेळी उंची शून्य असलेली वेगळी बंद पॉलीलाइन काढणे सगळ्यात कमी त्रासाचे ठरते.

सिव्हिल थ्रीडीच्या छेदांत दिसणारी भरणी मुळात हॅच ही वस्तूच नसते, म्हणून ती निवडून हॅच एडिटमध्ये उघडत नाही. कॉरिडॉरच्या (रस्त्याच्या त्रिमितीय प्रतिकृतीच्या) छेदात जीएसबी, डब्ल्यूएमएम या खडीच्या किंवा डीबीएम या डांबरी मिश्रणाचा थर रिकामा दिसत असेल, तर कोड सेट स्टाइलमध्ये, म्हणजे थरांच्या दिसण्याच्या यादीत, त्या थराच्या शेप कोडला (आकाराच्या नावाला) शेप स्टाइल दिली आहे का आणि त्या स्टाइलमध्ये क्षेत्रभरणी छेदाच्या दृश्यासाठी चालू आहे का, हे पाहावे. आराखड्यात चालू आणि छेदात बंद, असे हमखास आढळते. लांबीच्या छेदातली कटिंग व भरावाची रंगभरणी प्रोफाइल व्ह्यूच्या (लांबीचा छेद दाखवणाऱ्या चौकटीच्या) गुणधर्मांतल्या हॅच टॅबमधून येते. तिथे वरच्या व खालच्या सीमेसाठी दोन्ही प्रोफाइल (छेदरेषा) नेमलेल्या नसतील तर काहीच भरले जात नाही.

जुन्या फाइलींचा हॅच काही केल्या बदलत नाही याला इतिहास आहे. ऑटोकॅडच्या १३व्या आवृत्तीपूर्वी हॅच हा रेघांचा निनावी ब्लॉक (एकत्र बांधलेला गट) असे. त्या आवृत्तीने १९९४ मध्ये तो सीमेशी जोडलेली स्वतंत्र वस्तू केला आणि भरीव हॅच १९९७ च्या १४व्या आवृत्तीत आला. कधीकाळी कोणी एक्स्प्लोड केलेला (फोडून सुटा केलेला) हॅचही असाच सुट्या रेघांचा ढीग असतो. तो दुरुस्त करण्यापेक्षा काढून नव्याने भरावा.

छपाईत भरीव हॅच अक्षरांवर चढत असेल, तर हॅचटूबॅक ही आज्ञा सगळे हॅच मागे ढकलते. पारदर्शक हॅच पीडीएफमध्ये गडद येण्याचे कारण बहुधा प्लॉटच्या (छपाईच्या) चौकटीतली पारदर्शकतेची खूण न केलेली असते. ती केल्यावर मात्र पान प्रतिमेत रूपांतरित होऊन छपाई मंदावते, म्हणून पारदर्शकता लागत नसलेल्या पानांवर ती बंदच ठेवतात.