मद्यमुक्ती, ख्रिस्ती श्रद्धा आणि आधारगट

दारूचे व्यसन लागलेल्या माणसाने प्रार्थना, पापकबुली आणि आपल्यासारख्याच इतरांची नियमित सोबत यांच्या बळावर दारूपासून दूर राहण्याची रीत. ती ख्रिस्ती मंडळीच्या प्रार्थनासभेत दिसते, तशीच कोणत्याही धर्माशी न बांधलेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस (एए) या संघटनेतही दिसते, कारण एएचा उगम एका ख्रिस्ती चळवळीत आहे. त्याच चळवळीची दुसरी फांदी सातारा जिल्ह्यात, पाचगणीपर्यंत पोहोचली.

ही चळवळ म्हणजे अमेरिकन ल्यूथरन पाळक (धर्मोपदेशक) फ्रँक बुकमन यांचा ऑक्सफर्ड ग्रुप. त्यातले लोक घरोघरी जमत, आपले दोष एकमेकांपुढे सांगत, दुखावलेल्यांची भरपाई करत आणि सकाळी शांत बसून देवाचे मार्गदर्शन शोधत. न्यूयॉर्कचा शेअरबाजारातला बिल विल्सन या वर्तुळात आला आणि डिसेंबर १९३४ मध्ये त्याची दारू सुटली. पुढच्या वर्षी कामासाठी अॅक्रन या अमेरिकन शहरात गेला असताना पुन्हा प्यावेसे वाटू लागले, तेव्हा त्याने बोलण्यासाठी दुसरा मद्यपी शोधला. तो निघाला शल्यविशारद डॉ. बॉब स्मिथ. डॉ. स्मिथ यांनी शेवटची दारू घेतली तो १० जून १९३५ हा दिवस एएचा स्थापनादिन मानतात. सुरुवातीच्या सभासदांचा आधार होता बायबलमधला: डोंगरावरील प्रवचन, याकोबाचे पत्र आणि करिंथकरांस पहिल्या पत्रातला प्रीतीचा अध्याय. १९३९ मध्ये बारा पायऱ्या, म्हणजे व्यसनातून सुटण्याचा एएचा क्रम, छापल्या गेल्या तेव्हा मात्र देवाचा उल्लेख ‘ज्याला जसा उमगला तसा’ असा ठेवला गेला. त्या एका सवलतीमुळे हे दार हिंदू, मुसलमान आणि नास्तिकांनाही उघडे झाले. भारतात एए १९५७ मध्ये आली. ऑक्सफर्ड ग्रुपने १९३८ मध्ये मॉरल रीआर्मामेंट हे नाव घेतले, आणि राजमोहन गांधी यांच्या पुढाकाराने १९६० च्या दशकाच्या अखेरीस पाचगणीत तिचे ‘एशिया प्लॅटो’ केंद्र उभे राहिले. ते व्यसनमुक्ती केंद्र नव्हे. पण तिथे जपली जाणारी शांत चिंतनाची वेळ आणि एएच्या अकराव्या पायरीतले ध्यान यांचे मूळ एकच.

या भागात ख्रिस्ती सेवेची ओळख प्रामुख्याने दवाखाने आणि शाळांची. मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय काढले. साताऱ्यात कवी ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ सुरू केला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोघांनाही ख्रिस्ताभोवती एकत्र बसता यावे म्हणून. त्यांची भजने मराठी मंडळ्या आजही गातात. श्रद्धेने दारू सोडणे ही कल्पना इथल्या मातीला नवी नाहीच. गळ्यात तुळशीची माळ पडली की बाटली सुटली, हे प्रत्येक गावाने पाहिले आहे.

तरी माळ आणि मीटिंग यांत फरक आहे. माळ जन्माची असते. एएमध्ये जन्माची शपथ घेत नाहीत, फक्त आजचा दिवस प्यायचे नाही. उद्याचे उद्या. पाय घसरला तर माळकऱ्याची माळ तुटते आणि तो लाजेने तोंड लपवतो. मीटिंगमध्ये त्याने संध्याकाळी येऊन ‘काल प्यालो’ असे सांगायचे असते. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात निरोगी होण्यासाठी आपली पातके एकमेकांजवळ कबूल करायला सांगितले आहे. एकांतात देवाजवळ केलेली कबुली पुरत नाही, कारण व्यसनी माणूस स्वतःशी खोटे बोलण्यात तरबेज झालेला असतो. समोर बसलेल्याने तेच खोटे स्वतः वापरलेले असले की ते चालत नाही.

मंडळीत नेमके हेच अवघड जाते. इथल्या ख्रिस्ती वस्त्या लहान, सगळी नाती एकमेकांत गुंतलेली. ‘साक्ष’ देताना, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले ते सभेत सांगताना, दारू सुटल्याचे सांगतात, सुटत नसल्याचे कोणी सांगत नाही. प्रभूने एका रात्रीत सोडवले, अशी साक्ष ऐकून ज्याची सुटली नाही तो स्वतःचा विश्वासच उणा मानतो आणि येणे बंद करतो. म्हणून पाळकाने अशा माणसाला प्रार्थनेसोबत एएच्या मीटिंगलाही पाठवावे. तिथे पूर्ण नाव सांगावे लागत नाही, वर्गणी सक्तीची नसते, दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट असते. १९९१ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘सेलिब्रेट रिकव्हरी’सारख्या गटांनी हीच पद्धत उघडपणे येशूच्या नावाने, डोंगरावरील प्रवचनातल्या ‘धन्य ते’ या वचनांच्या आधारे चालवली आहे.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू बंद केली तर थरकाप, आकडी, भास आणि दोन-तीन दिवसांनी भ्रमाची जीवघेणी अवस्था येऊ शकते. त्याला सैतानाची बाधा समजून खोलीत प्रार्थनेसाठी कोंडणे म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणे. पहिला आठवडा डॉक्टरांच्या देखरेखीखाली काढावा. गोळ्या घेणे म्हणजे अविश्वास नव्हे. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी सुरू केलेले ‘परिवर्तन’ हे केंद्र व्यसनमुक्तीचे काम देवाचा आधार न घेता करत आले आहे, आणि श्रद्धावंतानेही तिथे जायला संकोच करू नये. गटाचा उपयोग नुसता ऐकीव नाही: वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेनच्या २०२० च्या आढाव्यात २७ अभ्यास तपासले गेले, आणि दारूपासून सलग पूर्णपणे दूर राहण्यात एए व बारा पायऱ्यांकडे नेणारे उपचार इतर प्रस्थापित मानसोपचारांपेक्षा सरस आढळले.

घरच्यांसाठी अल-अनॉन हा वेगळा गट १९५१ पासून आहे. नवऱ्याच्या बाटल्या शोधून मोरीत ओतणारी, त्याच्या कामावर ‘ताप आलाय’ असे कळवणारी बायको तिथे पहिल्यांदा स्वतःबद्दल बोलते. मंडळीच्या महिला सभेत तिला बहुधा सहनशीलतेचा उपदेश मिळतो. मार खाणाऱ्या बाईला आधी सुरक्षित जागा हवी.

प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या ख्रिस्ती विधीतल्या, प्याल्याचा प्रश्नही खरा आहे. पुष्कळ प्रॉटेस्टंट मंडळ्या न आंबवलेला द्राक्षरस देतात. कॅथलिक नियमात द्राक्षारसच (वाइन) लागतो, पण मद्यासक्त धर्मगुरूला बिशपच्या परवानगीने न आंबलेला रस वापरता येतो. सामान्य कॅथलिकाने नुसती भाकर घेतली तरी त्याचे प्रभुभोजन पूर्ण मानले जाते. प्याला पुढे जाऊ देणाऱ्याला शेजाऱ्याने कारण विचारू नये.