पडद्यावरचं गुरुत्वाकर्षण

चित्रपटात पूल कोसळतो तेव्हा पडद्यावर बरेचदा टेबलावर मावेल एवढी प्रतिकृती असते. ती खरी वाटते, यात रंगकामाइतकाच गणिताचा वाटा आहे. खाली पडायला लागणारा वेळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. वीस मीटरवरून दगड पडायला सुमारे दोन सेकंद लागतात, सव्वा मीटरवरून जेमतेम अर्धा. म्हणजे सोळापट लहान प्रतिकृतीत पडझड चौपट वेगाने उरकते, आणि तशीच दाखवली तर ते खेळणंच दिसतं. म्हणून कॅमेरा सेकंदाला नेहमीच्या २४ऐवजी ९६ फ्रेम, म्हणजे स्थिर चित्रं, टिपतो. दाखवताना मात्र त्या सेकंदाला २४च दाखवल्या जातात. अर्ध्या सेकंदाची पडझड दोन सेकंद चालते आणि पूल वीस मीटर उंच वाटू लागतो.

वस्तू केवढी, हे आपण तिला पडायला किती वेळ लागतो त्यावरूनही ताडतो. स्लो मोशनचं बळ मला यातच दिसतं.

माणसाच्या बाबतीत गोष्ट बदलते. त्याची उंची आपल्याला पक्की ठाऊक असते, त्यामुळे तो मोठा न वाटता गुरुत्वाकर्षणच कमी झाल्यासारखं वाटतं. निम्म्या गतीने दाखवलेली उडी म्हणजे पाव गुरुत्वाकर्षणातली उडी. चंद्रावर ते पृथ्वीच्या एक-षष्ठांश असतं; तिथल्यासारखी उडी दाखवायला सेकंदाला ५९च्या आसपास फ्रेम पुरतात. केस, पदर, उडालेली धूळ तरंगते ती यामुळेच.

पण तरंगणं ठसायला शेजारी नेहमीची गती लागते. जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावांच्या ‘सेव्हन समुराई’मध्ये (१९५४) जखमी चोर संथपणे कोसळतो आणि त्याला पाहणारी माणसं मात्र नेहमीच्या गतीत असतात. मरणाऱ्याचा काळ आणि बघणाऱ्यांचा काळ तिथे वेगळा होतो. नायकाची प्रत्येक एन्ट्री संथ केली की हा फरकच उरत नाही, आणि प्रसंग नुसता लांबतो.

उलट, सेकंदाला २० फ्रेम टिपून २४ दाखवल्या तर हालचाल १.२ पट जलद होते आणि गुरुत्वाकर्षण जवळपास दीडपट भासतं. मारामारीत ठोसे असे झणझणीत होतात, पण सैल सदरा फार पटकन खाली बसतो आणि चलाखी उघडी पडते. याच दिशेने टोकाला गेले ते दादासाहेब फाळके: १९१२मध्ये कुंडीतल्या वाटाण्याची महिन्याहून अधिक काळची वाढ त्यांनी मिनिटभराच्या ‘अंकुराची वाढ’मध्ये बसवली.

संथ चित्रणाची किंमत प्रकाशात मोजावी लागते. ९६ फ्रेमना प्रत्येकी पाव प्रकाश मिळतो, म्हणून सेटवर चौपट उजेड हवा. शिवाय आपली वीज ५० हर्ट्झची. जुन्या चोकच्या ट्यूबलाइट सेकंदाला शंभरदा लुकलुकतात आणि जलद कॅमेरा ते पकडतो. हल्ली साध्या चित्रणातही संगणक मधल्या फ्रेम अंदाजाने भरतो, पण उडत्या पाण्याचे थेंब किंवा एकमेकांआड जाणारे हात आले की तो अंदाज चुकतो आणि चित्र विरघळल्यासारखं दिसतं. कॅमेऱ्याने न टिपलेले क्षण मागाहून खरेखुरे मिळत नाहीत, म्हणून गती शूटिंगआधीच ठरवावी लागते.